उशिरा वाजणारी तार

आमच्या साउथहॅम्प्टनच्या घरी चार वाजले की कुणी बोलायचं नाही. आईची कणीक मळून होत आलेली असली तरी परात वाजवायची नाही, बाबा हॉस्पिटलमधून आलेले असले तरी किल्ल्या टेबलावर टाकायच्या नाहीत. मी तर जन्माची बडबडी, त्यामुळे माझ्यासाठी ती वेळ म्हणजे शिक्षाच. हिवाळ्यात इथे चारलाच अंधारून येतं. आजोबा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओपुढे निरांजन लावायचे, डाव्या हाताने काटा फिरवत एका ठरलेल्या जागी आणायचे आणि ऐकत बसायचे. काय ऐकायचे? काही नाही! त्या जागी कुठलंच स्टेशन नव्हतं, नुसती खरखर होती. रेडिओ तापला की धुळीचा करपट वास यायचा, बाहेर बंदरात धुकं असलं की एखादं जहाज भोंगा द्यायचं, आणि आमचे आजोबा त्या खरखरीपुढे देवापुढे बसावं तसे बसलेले. सगळ्यांच्या घरी असंच असतं अशी माझी समजूत होती. मैत्रिणीकडे चार वाजता टीव्ही ढणाढणा चालू बघून मी केवढी दचकले होते!

आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, जीभ सावरली, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. आई रोज कोमट पाण्यात तो हात धरून एकेक बोट उघडायची आणि सोडलं की बोटं पुन्हा मिटायची. माझं मराठी आजोबांनीच घासूनपुसून घेतलं. मी 'ती रेडिओ' म्हणाले की ते डाव्या हाताने टेबलावर टिचकी मारायचे आणि मी चूक सुधारेपर्यंत जेवणाचा घास पुढे सरकू द्यायचे नाहीत. आता माझी नात 'माझा खुर्ची' म्हणते आणि मी कपाळाला हात लावते, पण टिचकी मारत नाही. तिची आई मला चाइल्ड सायकॉलॉजीवर लेक्चर देईल.

आईचा स्वयंपाक म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडशी केलेली मांडवली होती. चिंच मिळाली नाही तर आमटीत आंबट कुकिंग अ‍ॅपल, भाजणीत ओट्स, आणि रुबार्बच्या आंबट देठांचं लोणचं इतकं झकास की बाबांच्या वॉर्डातल्या सिस्टर बरणी घेऊन यायच्या. फ्रिज घरमालकाने ठेवलेला, अंगाने थोराड, रात्रंदिवस घुमणारा. आईला त्याचा राग यायचा, पण आजोबा त्याच्या अंगावर हात ठेवून म्हणायचे, "असू दे गं सूनबाई. पांढरी पाच आहे. किंचित वर."

"म्हणजे काय हो आजोबा?"

"पेटीवरची पांढरी पाच. तुझ्या आजीचा सूर. या देशातली वीजसुद्धा तिच्याच सुरात बोलते. पण नुसता सूर आहे हा. ती नाही त्यात."

आजीला मी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. तिची गोष्ट आजोबांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, आणि नेहमी चारच्या आधी, म्हणजे चार वाजले की ती आपोआप थांबायची. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात, जिथे तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं, आजोबांचं रेडिओ स्टेशन होतं. कापसाच्या गोदामावर मनोरा, खाली दोन खोल्या. एकीत आजोबा आणि प्रक्षेपणाचं मशीन, भिंतीपलीकडे आजी आणि मायक्रोफोन. आपल्या लोकांना संध्याकाळी आपल्या भाषेत चार शब्द ऐकायला मिळावेत एवढीच त्यांची हौस. पण खाजगी स्टेशनचं लायसन्स हिंदुस्थानी माणसाला मिळायचं नाही. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं म्हणे. अर्ज नुसते पडून राहायचे. म्हणून मग बंदरातल्या एका शिपिंग कचेरीच्या व्हिटलॉक नावाच्या साहेबाला पुढे केलं आणि लायसन्स त्याच्या नावावर निघालं.

"म्हणजे स्टेशन आपलं नव्हतंच?" मी विचारलं.

"आपलंच. पण बैल आपला आणि दावं साहेबाच्या हातात. स्टेशनवरून जे जे हवेत जाईल ते सगळं लायसन्सवाल्याच्या मालकीचं, असा नियम होता. तुझी आजी हसायची. म्हणायची, मी खोकले तरी तो खोकला साहेबाचा!"

दुसरा नियम असा की लायसन्सच्या वेळात स्टेशन गप्प बसता कामा नये. गप्प बसलं की इन्स्पेक्टर आलाच. आणि मशीन तर जुनं, सारखं घुमायचं, ते घुमणं लोकांना घरात ऐकू जायचं. आजीने यावर अशी तोड काढली की सरकारला पत्ता लागला नाही. ती आपला तंबोरा मशीनच्या घुमण्याला जुळवून घ्यायची. कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळात मायक्रोफोनपुढे बसून तंबोरा छेडत राहायची. स्टेशन गप्प नाही, आणि घुमतंय ते मशीन की तंबोरा हे कुणाच्या बापाला कळत नाही. फक्त एक गोष्ट तिची स्वतःची होती. जनरेटरच्या पट्ट्यात सापडून तिच्या बोटाचं टोक गेलेलं होतं, त्यामुळे तिसरी तार जरा उशिरा वाजायची. आजोबा ते टेबलावर वाजवून दाखवायचे. टक, टक, मग किंचित थांबून टक, आणि शेवटची खर्जाची, टक. एखादा माणूस पाय ओढत जिना उतरतो तसं. मला ते इतकं पाठ झालं की शाळेत पेन्सिल आपटतानाही तेच निघायचं.

वेळ संपली की आजोबा मशीन बंद करून पलीकडे जायचे आणि तिच्या मांडीवरून तंबोरा उचलून घ्यायचे. मोठा भोपळा होता, तो घेऊन तिला उठता यायचं नाही. हा त्यांचा रोजचा रिवाज. त्या दिवशी ती अंगात ताप असताना बसली होती. आजोबांना भिंतीतून तंबोरा ऐकू येत होता, म्हणून ते निवांत होते. वेळ संपल्यावर पलीकडे गेले तर आजीचं डोकं भोपळ्यावर टेकलेलं आणि हात गार पडलेले.

"मशीन घुमत होतं गं," आजोबा म्हणाले. "ती केव्हाची थांबली होती. आणि मी पलीकडे बसून म्हणतोय, वाजवतेय. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. मला कळायला हवं होतं. तिसरी तार उशिरा येत नव्हती, एवढं तरी!"

नंतर सरकारने लायसन्सची मुदत वाढवून दिली नाही आणि स्वतःचं स्टेशन काढलं. साहेब मायदेशी गेला, आजोबा मुलाकडे इंग्लंडला आले. आणि इथे येऊन ते काय करत होते, तर रोज चार वाजता, म्हणजे तिथल्या दिवेलागणीला, आपल्या स्टेशनच्या रिकाम्या जागेवर ती उशिरा येणारी तार शोधत होते. एकदा ऐकू यावी. बाकी त्यांना या जगाकडून काही नको होतं. मला त्यांची इतकी दया यायची की मी फ्रिजला कान लावून मनातल्या मनात आजीला विनवायचे, ये ना गं, एकदा ये.

एका रविवारी दुपारी फोन वाजला आणि तो मी उचलला. पलीकडे म्हातारा इंग्लिश आवाज, फार सभ्य. रेडिओ स्टेशनवाले गृहस्थ इथेच राहतात का, त्याने विचारलं. फोनबुकात आमच्या आडनावाचं एकच घर होतं.

"त्यांना निरोप दे," तो म्हणाला. "त्यांची बायको माझ्याकडे आहे. प्लीज, येऊन घेऊन जा म्हणावं."

माझ्या हातातला रिसीव्हर जड झाला. मी कसंबसं म्हटलं, "पण आजी तर वारली."

"आय नो, माय डिअर. तिला पोचवायला मी होतो ना तिथे," तो म्हणाला आणि शांतपणे पत्ता सांगू लागला.

आई म्हणाली, "वेड लागलंय मेल्याला, लहान मुलीला असं बोलतात का?" बाबा म्हणाले, "डिमेन्शिया आहे. क्लासिक. आमच्या वॉर्डात असे रोज येतात." आणि आजोबा? आजोबा एका हाताने कोट चढवत दारात उभे होते. त्यांना कसंबसं थोपवलं, पण पुढच्या रविवारी बाबांना गाडी काढावीच लागली. मी हट्टाने मागे बसले. आईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. भुताकडे जायचं असलं तरी आमच्यात उपाशीपोटी जात नाहीत.

बेसिंगस्टोकच्या पुढे एका खेड्याच्या टोकाला त्या फोनवाल्याचं, म्हणजे व्हिटलॉक साहेबाचं घर होतं. आम्ही पोचलो तेव्हा उजेड उतरणीला लागला होता. दारात कुंडीत एक तमालपत्राचं झाड. साहेब उंच, वाळलेला, अंगात दोन कोट. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, आणि उजेड म्हणाल तर एक मेणबत्ती. घरात वीज नव्हती. बिल थकलं म्हणून नव्हे, त्याने स्वतः सांगून तोडून घेतली होती. आधी म्हणे त्याने फ्रिज बदलला, मग फ्रिजच देऊन टाकला, मग रेडिओ. स्टेशनवरच्या टेप त्याच्याकडे आल्या होत्या, मालक तोच ना, त्या बागेत जाळल्या. शेवटी मीटर काढून न्यायला लावला.

"काही फरक पडला नाही," तो म्हणाला.

मी बाबांच्या कोटाची बाही धरली. बाबा डॉक्टरी आवाजात त्याला झोपेबद्दल, गोळ्यांबद्दल विचारू लागले. आजोबा मात्र खुर्चीत बसून नुसते वाट बघत होते. साहेबाने आमचा दशम्यांचा डबा उघडला, दशमी बघितली आणि चटकन एक तुकडा तोंडात टाकला. "शी यूज्ड टू सेंड दीज," तो म्हणाला आणि चावता चावता त्याचे डोळे भरून आले. मग त्याने भिंतीवरच्या किल्लीच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बोट वर केलं, गप्प बसा म्हणून. अगदी आमच्या घरच्यासारखं.

आधी मला वाटलं थंडीने माझेच कान वाजताहेत. मग पायाखालच्या लाकडी जमिनीतून घुमणं वर चढलं. पांढरी पाच, किंचित वर. वीज तोडलेल्या घरात! आणि त्या घुमण्यात, टक, टक, मग किंचित थांबून टक, टक. पाय ओढत जिना उतरल्यासारखं. हे मी याआधी फक्त आजोबांच्या बोटांतून ऐकलं होतं. बाबा म्हणाले, "पाइप्स असतील," आणि मेणबत्ती घेऊन आत बघायला गेले. परत आले ते पांढरेफटक पडून. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि घरी पोचेपर्यंत बाहेर काढले ते फक्त गाडी चालवायला. या विषयावर ते जन्मभर एक अक्षर बोलले नाहीत.

आजोबा रडत होते. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून, पण डावा हात मांडीवर तिच्याबरोबर ताल धरून चाललेला. "वाजवतेय," ते म्हणत होते, "वाजवतेय गं अजून."

"मला वाटतं लायसन्सचं कारण आहे," साहेब म्हणाला. "माझ्या नावावर होतं. तिला हाच पत्ता ठाऊक. मी म्हातारा झालो, मला झोप नाही. तिला घेऊन जा, फॉर गॉड्स सेक."

"द्यायचं तर रीतीने दे," आजोबा म्हणाले. "उदक सोड."

आता हे साहेबाला समजावणं आलं. आपल्यात दान देताना, आपला हक्क सोडताना घेणाऱ्याच्या उजव्या हातावर पाणी सोडतात आणि 'न मम' म्हणतात, माझं नाही. मी ते मोडक्यातोडक्या शब्दांत इंग्रजीत सांगितलं, आणि गंमत म्हणजे साहेबाला ते पटकन समजलं. कागदावर सह्या करून करून तो कंटाळला असावा. पाण्याचा जग आणला. तुळस कुठली असायला, दारातलं तमालपत्र खुडून घेतलं.

"अप्पा, हा काय पोरखेळ मांडलाय?" बाबा पुटपुटले.

"तू डॉक्टर ना? मग पेशंटच्या नातेवाइकांसारखा बाजूला थांब," आजोबा म्हणाले आणि उजवा हात पुढे केला. मिटलेली मूठ. त्यांनी डाव्या हाताने बोटं उघडायचा प्रयत्न केला, मी केला, पण त्या थंडीत ती दगडासारखी घट्ट झाली होती. साहेब म्हणाला, मग दुसरा हात चालेल ना? आजोबा उखडले. डाव्या हाताने कुणी दान घेतं का? बाबांचे हात खिशात होते. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "विभा, तू माझ्या मुठीखाली तळवा धर. पाणी जमिनीवर सांडू देऊ नको."

मी तळवा धरला. साहेबाने पान ठेवून पाणी सोडलं. ते मिटलेल्या मुठीवरून घरंगळलं आणि पानासकट माझ्या तळव्यात साचलं. बर्फासारखं गार. "ना ममा," साहेब म्हणाला. त्याच क्षणी तंबोरा थांबला. घर इतकं शांत झालं की घड्याळाची टिकटिक नव्याने सुरू झाल्यासारखी वाटली. आजोबा हसत होते. येताना गाडीत ते आईच्या दशम्या खात एकटेच गुणगुणत होते, आणि मी ओला हात फ्रॉकला पुसत होते. कितीही पुसला तरी तो ओलाच लागत होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजोबांनी नवं धोतर नेसून निरांजन लावलं. काटा जागेवर आणला. खरखर. मी फ्रिजशेजारी उभी होते आणि फ्रिजमधून, स्वच्छ, तिसरी तार उशिरा आली. मी श्वास रोखला. आजोबा अजून वाट बघत होते. त्यांचा कान रेडिओला, मग फ्रिजला, मग भिंतीला. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग माझ्या हाताकडे.

"पाणी तुझ्या हातावर पडलं," ते म्हणाले. रागाने नाही हो. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. केवढ्या लांबून तिला आणली आणि दाराशी चुकामूक झाली, असा चेहरा.

मी रडत म्हणाले, "मी परत सोडते पाणी, आजोबा. तुमच्या हातावर." आम्ही सोडलंही, सिंकपाशी, कितीदा तरी. मूठ उघडत नव्हती, पाणी घरंगळून माझ्याकडेच येत होतं. आई दाराआडून बघायची आणि पदर तोंडाला लावायची. मग आम्ही दुसरी रीत बसवली. चार वाजले की ते विचारायचे, "आली का गं?" आणि मी त्यांची मिटलेली मूठ मांडीवर घेऊन तिच्यावर बोटांनी वाजवायचे, ती वाजवील तसं. ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी म्हटलं, तिला सांगू का, स्टेशन बंद झालंय, थांब म्हणून? आजोबांनी मान हलवली. "सांगून ती थांबायची नाही. तंबोरा मांडीवरून कुणीतरी उचलायला हवा. ते माझं काम."

त्या वर्षी वसंत नावालाच आला. आजोबांना दुसरा झटका आला आणि बाबांनी त्यांना स्वतःच्याच हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला गेले की ते डोळ्यांनीच विचारायचे आणि मी मुठीवर वाजवायचे. कॉरिडॉरमधले दिवे त्याच सुरात घुमत असायचे.

इथे जरा थांबते. समोर माझा आताचा फ्रिज आहे. तो आवाजच करत नाही, सून म्हणते तोच त्याचा गुण. मीडियम वेव्हवरची एकेक स्टेशनं बंद होत चालली आहेत, माझ्या नातीला रेडिओचा काटा म्हणजे काय ते हातवारे करून सांगावं लागतं. तरी चार वाजता मी गप्प बसते. घरातले समजतात, म्हातारीला डुलकी लागली. उजवा तळवा अजून कधीकधी ओला लागतो. ऐकू मात्र काही येत नाही, त्या दिवसापासून कधीच आलं नाही.

त्या दिवशी चार वाजता आजोबा हॉस्पिटलातच होते, आई चहा टाकत होती. मी निरांजन लावलं, काटा जागेवर आणला आणि फ्रिजशेजारी उभी राहिले. आजी वाजवत होती. टक, टक, मग किंचित थांबून टक. आणि चौथी तार आलीच नाही. बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी श्वास सोडला, फार वेळ एका जागी बसून उठताना सोडतात तसा. मग लाकडी जमिनीवर भोपळा अलगद टेकवल्याचा आवाज आला, आणि मागे राहिला तो नुसता फ्रिज.

तेवढ्यात फोन वाजला. मी हलले नाही. आई हात पुसत, ओरडत आली, "विभा, फोन घे ना गं! हॉस्पिटलचा असेल, काय झालंय कोण जाणे!"

"काही नाही गं आई," मी म्हटलं. "आजोबा पोचले."